अकरा पाट्या, चौदा पाट्या

बाबा वेल्कमच्या खाणीतून सुट्टीवर आले
तेव्हा ट्रकवर नालीदार पत्रे होते
आणि डोक्यात चार कोपऱ्यांचं घर.
थाबा-त्सेकाच्या आमच्या उतारावर
तोवर सगळं गोलच होतं :
झोपड्या, दगडी गोठा, ज्वारीच्या बिअरचं मडकं,
म्हाताऱ्यांच्या गवती टोप्या.

बाबा म्हणाले, खाटेला कोपरा लागतो.
कपाटाला पाठ टेकायला सरळ भिंत लागते.
गोल घरात त्याच्यामागे धनुष्यासारखी फट राहते
आणि तिथे उंदीर संसार थाटतात.

आई काही बोलली नाही.
तिने गवताची दोरी काढली, चोवीस पावलांची,
दोन टोकांना गाठ मारली,
खळ्यात चार खुंट्यांवर ताणली.
सहा पावलं, सहा पावलं, सहा, सहा.
शेण कालवून आतली जमीन सारवली.
अकरा पाट्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी तीच दोरी, तीच गाठ.
आम्ही पोरं आत शिरून तिला बाहेर रेटत गेलो
दोरीला कुठे कोपरा म्हणून उरेपर्यंत नाही.
चौदा पाट्या.
शेवटची पाटी ओतताना आईने वर पाहिलंसुद्धा नाही.

बाबा हसले.
काठी घेऊन जुन्या झोपडीत शिरले,
दारापासून मागच्या भिंतीपर्यंत माप घेतलं,
अंगणात येऊन तेवढ्याच रुंदीचा चौकोन आखला.
"आता हा सारव बघू, मालिनेओ."
झोपडीला अकरा लागायच्या, गावातल्या बायकांना पाठ होतं.
चौकोनाने खाल्ल्या चौदा.

मी लिनेओ, तेव्हा सातवीत.
सोमवारी शाळेत न्ताते मोखेलेंना विचारलं :
सर, खोटं कोण बोलतंय?
त्यांनी माझी पाटी घेतली, दगडी, एका कोपऱ्यात फुटलेली,
वर बावीस लिहिलं, खाली सात,
बराच वेळ खरडत बसले.
मग म्हणाले, कोणीच नाही.
दोरी सारखी धरली तर गोल मोठा, चौदाला अकरा.
रुंदी सारखी धरली तर चौकोन मोठा, चौदाला अकरा.
आकडे तेच. फक्त
आधी काय सारखं धरायचं
हे ज्याने ठरवलं, तो जिंकतो.

घरी चालत येताना नदीपाशी मला दिसलं ते असं :
भिंतीचा दगड न् दगड आई वाहून आणते,
वाकून, घोंगडीत बांधून,
म्हणून ती घेर मोजते.
पत्रा बाबा विकत आणतात,
तो लांबी-रुंदीने मिळतो,
म्हणून ते रुंदी मोजतात.
हे मी दोघांनाही सांगितलं नाही.
सांगून काय झालं असतं, पत्रे तर आले होते.

घर चौकोनी झालं.
कपाट भिंतीला घट्ट बसलं.
उंदरांनी छपरात जागा शोधली.
गारा पडल्या की आत कोणाला कोणाचं ऐकू येत नसे,
आणि आई, भांडल्यासारखी नाही, सहजच,
उठून जुन्या झोपडीत झोपायला जाई.

सहा वर्षांनी बाबा कायमचे परतले.
छातीत खाणीची धूळ होती,
एक्स-रेवर ती पिठासारखी दिसायची.
खाट कोपऱ्यात छान बसली होती, त्यांनी आखल्याप्रमाणे.
ते गेले त्या रात्री गाव जमलं,
आणि कोणी न सांगता सगळे झोपडीत शिरले.
भिंतीला पाठ लावून बसले,
एकही माणूस कोपऱ्यात पडला नाही.
मी मोजलं, सवयच लागली होती : एकेचाळीस.

आता मी मासेरूत फरशीच्या दुकानात आहे.
फरशी चौकोनी येते.
कोणी गोल घरासाठी मागायला आलं
की मी सांगते, अकराची जमीन असेल तर चौदाचा माल घ्या,
कडेला कापून तीन वाया जातील.
लोकांना वाटतं मी जास्त खपवते.

गेल्या महिन्यात आईला फोनवर म्हटलं,
झोपडीत फरशी घालू या का, पैसे मी देते.
ती म्हणाली, किती वाया जाईल?
मी सांगितलं.
पलीकडे बराच वेळ फक्त वारा होता.
मग म्हणाली, ते तुकडे फेकू नका,
पिशवीत भरून इकडे पाठव,
कोंबड्यांच्या खुराड्यात उंदीर शिरतात.